दोन पट्ट्या, चार खाचा

मंगळवार, १० तारीख

आधी दुरुस्ती. रविवारी, ८ तारखेला, मी या वहीत लिहिलं आहे की कॉम्प्युटरमध्ये मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या, एक दुसऱ्या खाचेत आणि एक चौथ्या. हे चूक आहे. आज कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिलं तर त्या पहिल्या आणि चौथ्या खाचेत आहेत. म्हणजे हातांनी एक केलं आणि वहीत दुसरं लिहिलं. असं माझ्याकडून कधी होत नाही, अशी माझी समजूत होती. तीही चूक.

ही वही पुढे कुणी तपासली तर त्याला संदर्भ असावा म्हणून थोडक्यात लिहिते. विज्ञान संग्रहालयाच्या बाईंनी मला तराजूची तीन मिनिटांची हलती चित्रफीत करायला सांगितली आहे. दांडी कशावर टेकते, काटा का थरथरतो, हे लहान मुलांना आतून दिसलं पाहिजे. बुधवारी, २५ तारखेला, ती त्यांच्या हातात पडली आणि पसंत पडली तर त्या मला संग्रहालयात नोकरीवर घेणार आहेत. नाहीतर जागा दुसऱ्याला. संग्रहालय इथून पाच तासांवर आहे, तिथेच राहावं लागेल. हे घरी अजून सांगितलेलं नाही. खोटं बोललेले नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच.

आमचा जुना कॉम्प्युटर ही चित्रं जोडताना गुदमरत होता, म्हणून नव्या पट्ट्या घेतल्या. तेव्हापासून तो गुदमरत नाही, सरळ मान टाकतो. पडदा निळा होतो, दिलगिरीची दोन वाक्यं येतात आणि सगळं बंद. रविवारपासून सात वेळा.

आज एका पट्टीवर नेलपॉलिशचा तांबडा ठिपका दिला आणि दोघींची वेगवेगळी परीक्षा घेतली. ठिपकेवाली एकटी बसवली, वीस मिनिटांत निळा पडदा. बिनठिपक्याची एकटी बसवली, अडीच तास सुरळीत. म्हणजे दोष ठिपकेवालीत आहे. पण आमच्याकडे तीनदा तोलल्याशिवाय वजन लिहीत नाहीत. उद्या पुन्हा. ठिपकेवाली पाकिटात घालून खणात ठेवली आहे. बिनठिपक्याची दुसऱ्या खाचेत आहे. या वेळी दोनदा बघून लिहिलं.

बुधवार, ११ तारीख

दुरुस्ती. काल बिनठिपक्याची पट्टी आत ठेवली असं लिहिलं आहे. आत ठिपकेवाली निघाली. बिनठिपक्याची पाकिटात होती.

दुपारी दोन ते सहा मी वाचनालयात पुस्तकांच्या याद्या करायला जाते. परत येऊन कॉम्प्युटर लावला, दहा मिनिटांत निळा पडदा, डबा उघडला तर हे. काल मी दोनदा बघितलं होतं. पण बघणारी मीच होते, तेव्हा त्याला साक्ष म्हणता येत नाही.

डब्याच्या तळाशी पांढरा भुगा सापडला. रबर खोडल्यावर पडतो तसा. वेष्टणातला असावा. फुंकून टाकला.

आत्या दिवसभर तिचं खोडरबर शोधत होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात आणि त्यांच्या तबकड्यांवरचे आकडे आत्या रंगवते. खोडरबराशिवाय तिचं पान हलत नाही.

"माझं रबर कुणी घेतलं?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"रबर काय, फिरून येईल," बाबा म्हणाले. "तांब्याच्या टोकांवरचा मळ काढायला रबरासारखं काही नाही, हे तुला माहीत आहे का?"

"कुठली तांब्याची टोकं?"

"असंच. सर्वसाधारण ज्ञान."

बाबा जेवताना नेहमीच काहीतरी शिकवतात. मी बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांचं काम तेव्हा गावोगाव फिरण्याचं होतं आणि आम्ही सगळे बरोबर असायचो. गणित आणि विज्ञान बाबांनी शिकवलं, भाषा आईने, चित्रकला आत्याने. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आईच्या अक्षरात तीन नियम अजून चिकटलेले आहेत. एक, अडलं तर आधी स्वतः झटायचं. दोन, सुटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अर्धवट ज्ञान वाटत फिरायचं नाही. तीन, वस्तू आणि वही यांत तफावत आली तर वही चूक.

हा तिसरा नियम मी कधी मोडलेला नाही. म्हणून वरची दुरुस्ती.

गुरुवार, १२ तारीख

दोन्ही पट्ट्यांवर ठिपके आहेत.

सकाळी पाकीट उघडलं, मग डबाही उघडून पाहिलं. मंगळवारी मी लिहिलं आहे की "एका पट्टीवर" ठिपका दिला. वही चूक. मी दोन्हींवर दिला असणार. का दिला असेन, सांगता येत नाही. ठिपके मात्र सुरेख आहेत, दोन्ही एका मापाचे, अगदी गोल, कडेला बारीक काळी रेघ. माझा हात एवढा चांगला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता कोणती खराब, कोणती चांगली, हे पुन्हा पहिल्यापासून. एकीला "अ" म्हटलं, एकीला "ब". सकाळी अ खराब निघाली. वाचनालयातून आल्यावर ब खराब निघाली. मग दोन्ही मिळून तासभर ठीक चालल्या आणि मग अचानक निळा पडदा.

जेवताना मी सरळ विचारलं. विचारायला लाज वाटली, कारण आमच्या घरी कुणी खोटं बोलत नाही आणि असं विचारणं म्हणजे संशय घेणं.

"माझ्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलाय का?"

आई म्हणाली, "मी हात लावलेला नाही." लगेच म्हणाली, ठामपणे म्हणाली.

बाबा म्हणाले, "अडचण वाढेल असं मी काही केलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे."

आत्या म्हणाली, "मी काहीच बिघडवलं नाही बाई. उलट."

"उलट काय?"

"उलट काही नाही. पाणी घे. आणि मला सांग, जोडीतल्या एकीलाच नटवायचं आणि दुसरीला तसंच सोडायचं, हे बरं दिसतं का?"

"कुठल्या जोडीतल्या?"

"कुठल्याही. तत्त्व म्हणून विचारते."

तिघांनीही नाही म्हटलं, तेव्हा तो विषय संपला. माझं मलाच वाईट वाटलं. नंतर बाबांनी तोल या विषयावर बरंच सांगितलं. कुठल्याही पाटीवर दोन वस्तू ठेवायच्या तर मधल्या टेकूपासून सारख्या अंतरावर ठेवाव्यात, दोन टोकांना दोन. चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवल्या तर वजन एका अंगाला जातं, हे पोरासोरांनाही कळावं. मला तराजूच्या चित्रफितीत याचा उपयोग होईल असं वाटलं, म्हणून टिपून ठेवलं.

शनिवार, १४ तारीख

निळे पडदे आजवर एकोणीस. अकरा दिवस उरले. नियम एकप्रमाणे पुष्कळ झटून झालं, म्हणून सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. बाहेरच्या माणसाला विचारणं नियम दोनमध्ये बसतं का, यावर सकाळचा अर्धा तास गेला. तो "कुणाला" या शब्दात येतो. पण त्याने पट्ट्या विकल्या आहेत, तेव्हा तो तसा बाहेरचा नाही.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मग जोरात हसला.

"ताई, या आठवड्यात तुमच्या गल्लीतून आलेला हा चौथा फोन. सगळ्यांचं एकच दुखणं. नवी पट्टी, निळा पडदा, आणि मी फोन केला हे कुणाला सांगू नका."

"चौथा?"

"एक गृहस्थ विचारतात की खाचा तोल साधून वापरल्या तर चालतं का. एक बाई विचारतात की पट्टीवर रंग दिला तर आत उष्णता अडते का. आणि एक बाई फोनवर कुजबुजतात. त्यांना एवढंच हवं आहे की कॉम्प्युटरचा पंखा जोरात ओरडायला लागला तर लांबून बंद कसा करायचा."

यावरून पट्ट्यांचा सगळा मालच सदोष असावा आणि तो आमच्या गल्लीत बराच खपला असावा, असं दिसतं. मी त्याला तसं म्हटलं. तो पुन्हा हसला. आपल्या मालाबद्दल असं ऐकून हसणारा माणूस विश्वासाचा आहे की नाही, हे ठरवता येत नाही. पुरावा नसताना त्याच्याबद्दल वाईट लिहिणार नाही.

सोमवारी पट्ट्या घेऊन दुकानात या म्हणाला.

सोमवार, १६ तारीख

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर उघडे डबे, डब्यांतून लोंबणाऱ्या तारा. मधल्या टेबलावर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर, ज्याला झाकण नाही आणि बहुतेक कधी नव्हतंच.

त्याने अ लावली. निळा पडदा. ब लावली. ठीक. पुन्हा अ. निळा पडदा. वीस मिनिटांत निकाल. जे मला आठ दिवसांत जमलं नाही ते.

"पण माझ्याकडे ब सुद्धा खराब निघाली होती," मी म्हटलं. "गुरुवारी संध्याकाळी. नोंद आहे."

"तुमच्याकडे ती ब होती कशावरून?"

"मी लिहिलंय."

"हं." त्याने पट्टी दिव्याखाली धरली. "हे ठिपके कुणी काढले? हात फार छान आहे."

"एक मी काढला."

"आणि दुसरा?"

"दोन्ही मीच काढले असणार."

तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "घरात किती माणसं आहेत, ताई?"

"चार. मला धरून."

"सगळी हुशार?"

"माझ्यापेक्षा पुष्कळच."

"तरीच," तो म्हणाला. घरातल्या माणसांचा आणि मेमरीचा काय संबंध, ते मला कळलं नाही. अ बदलून त्याने नवी पट्टी दिली, माझ्यासमोर तपासून. निघताना म्हणाला, "बिघाड माझ्याकडे राहिला. तुमच्याकडे आता जे काही होईल तो बिघाड नाही, हे लक्षात ठेवा." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. समजलं की अर्थ लिहीन.

मंगळवार, १७ तारीख

सकाळी पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. चार तास काम केलं, एकही निळा पडदा नाही. तराजूची दांडी पडद्यावर अशी अलगद डोलत होती की मी दोनदा हसले. मग शेवटचा टप्पा लावला. सगळी चित्रं पक्की करून एकत्र जोडायला आमच्या कॉम्प्युटरला अकरा तास लागतात आणि मध्ये बंद पडला तर पहिल्यापासून. दुपारी एकला सुरू केलं आणि वाचनालयात गेले.

सहाला आले तर बंद. निळा पडदासुद्धा नाही, नुसता काळा. भिंतीवरचं बटण बंद होतं. बटणाशेजारी भिंतीला आईची लाकडी मोजपट्टी टेकवून ठेवलेली होती, मीटरभर लांबीची. आईला विजेची भीती वाटते. ती बटणांच्या जवळही जात नाही.

"आई, वीज गेली होती का?"

"मला काही विचारू नकोस त्यातलं. पंखा किती ओरडत होता गं! नुसता घुंई घुंई. जीव घाबरा झाला. बिचाऱ्याला दमच नाही."

"तू बंद केलास?"

"मी हात लावला नाही," आई म्हणाली. तिचा आवाज दुखावल्यासारखा वाटला, म्हणून पुढे विचारलं नाही.

तेव्हा बटण मीच बंद केलं असणार, जाताना, सवयीने. सुरू केलं आणि लगेच बंद केलं. दुरुस्ती: दुपारी एकला काम सुरू केलं हे चूक.

आईने माळ्यावरची मोठी बॅग काढून तिची चेन शिवायला घेतली आहे. कुणी कुठे जाणार आहे का, विचारलं. म्हणाली, चेन तुटलेली बरी दिसत नाही.

गुरुवार, १९ तारीख

काल सकाळी कॉम्प्युटर चालूच झाला नाही. तीनदा बारीक शिट्टी वाजली आणि गप्प. उघडून पाहिलं तर पट्ट्या पहिल्या आणि चौथ्या खाचेत. दोन टोकांना दोन. तळाशी पांढरा भुगा.

काल दिवसभर काही लिहिलं नाही, कारण जे लिहीन ते खरं असेल याची खात्री वाटेना.

आज शांतपणे विचार केला. यंत्र चांगलं आहे, दुकानदाराने ते सिद्ध केलं. घरात कुणी हात लावत नाही, तिघांनी सांगितलं. मग उरते मी. मी जे करते ते मला आठवत नाही आणि जे आठवतं ते मी केलेलं नसतं. असंही वाटून गेलं की मला मुळात जायचंच नसावं. पाच तासांवर, एकटीने, जिथे जेवताना कुणी तोलाबद्दल बोलणार नाही. तोंडाने हो म्हणते आणि हात गुपचूप पट्ट्या हलवतात. स्वतःबद्दल असं लिहिणं बरं नाही, पण मनात आलं ते लिहिलं नाही तर वही कशाला.

म्हणून संग्रहालयाच्या बाईंना पत्र लिहिलं. "माझ्या नोंदी विश्वासार्ह नाहीत असं मला दिसून आलं आहे. तराजूसंबंधीचं काम अशा माणसाकडे असू नये. कृपया जागा दुसऱ्या कुणाला द्यावी." चार वेळा लिहिलं. पाकीट बंद केलं.

पाठवण्यापूर्वी दुकानदाराला फोन केला. त्याचा माल सदोष असल्याचा संशय मी घेतला होता, त्याबद्दल माफी मागायची राहिली होती. माफी मागितली आणि ओघात पत्राचंही सांगितलं.

तो या वेळी हसला नाही.

"पत्र कुठे आहे?"

"हातात."

"फाडा."

"पण नोंदी..."

"ताई, तुमच्या नोंदी बरोबर आहेत. अगदी पहिल्यापासून. दुरुस्त्या चूक आहेत."

हे कसं शक्य आहे, मी विचारलं. वस्तू समोर होती ना.

"ते मी फोनवर सांगणार नाही. मला तीन लोकांनी शपथ घातली आहे. तुम्ही रविवारी सकाळी नऊला डबा घेऊन दुकानात या. रविवारी मी शटर उघडत नाही, मागच्या दाराने या. इथे लावू, अकरा तास कुणी जवळ फिरकणार नाही, म्हणजे फिरकलं तरी मी खुर्चीवरून उठू देणार नाही. रात्री आठला तुमची चित्रफीत तयार. आणि घरी एक अक्षर बोलू नका."

घरी न बोलणं नियम दोनमध्ये बसतं, त्यामुळे ती अडचण नाही.

पत्र अजून फाडलेलं नाही. पण पाठवलेलंही नाही.

शुक्रवार, २० तारीख

एक मोठी काळजी आपोआप मिटली. डबा घरातून कुणाच्या नकळत कसा न्यायचा, हा प्रश्न होता. रविवारी सकाळी घरात कुणीच नाही.

बाबांना नऊ वाजता एक काटा बघायला जायचं आहे. रविवारी कुणाचा काटा, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एका दुकानदाराचा. तो म्हणतो, तुम्ही स्वतः येऊन बघितल्याशिवाय पटायचं नाही." आत्याला नऊलाच रंग आणायचे आहेत. तिने नवी साडी काढून ठेवली आहे. रंग आणायला नवी साडी कशाला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "तू काटा बघायला दाढी कशाला करतोयस?" आई फोनवर कुजबुजत होती. मी पाणी प्यायला गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं, "येते हो, नक्की येते, पण यांना आणि वन्संना कळता कामा नये." मी आल्याचं बघून तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, मैत्रिणीकडे जाणार आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघू नकोस.

तिघं तीन दिशांना जाणार. बिचाऱ्यांना कळणारही नाही की त्या वेळी मी कुठे आहे. त्यांच्यापासून लपवून इतकं मोठं काम करायची ही माझी पहिलीच वेळ.

आज दुपारी आत्याने विचारलं, "तिकडे थंडी असते का गं?"

"कुठे?"

"कुठेही. पाच-एक तासांवर."

मी म्हटलं, असावी. ती म्हणाली, "मग लोकरीचं लागेल," आणि कुणासाठी ते न सांगता उठून गेली.

संध्याकाळी बाबांनी कामाची चाकांची गाडी, ज्यावरून ते जड काटे नेतात, ती घासूनपुसून दाराच्या आत आणून ठेवली. वर घोंगडी अंथरली, दोरी ठेवली. आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ही रविवारी मला लागणार नाही. डावं चाक जरा ओढतं. जड वस्तू असेल तर मधोमध ठेवावी."

मी म्हटलं, "बरं."

"कुणाला लागलीच तर, म्हणून म्हणतो."

"बरं, बाबा."

इतक्या साध्या माणसाला फसवायचं जिवावर येतं. पण पत्र फाडलं. तुकडे मोजून केराच्या डब्यात टाकले, सोळा.

रविवार, २२ तारीख. पावणेनऊला घरातून निघायचं, नऊला मागचं दार.